परत आलेली नकारवही

१

सोमवारी वही नाहीशी झाली, तेव्हा कार्यालयात फारसं कुणी घाबरलं नाही. मंगळवारी सकाळी ती आपोआप परत आली, तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले.

सरकारी कार्यालयातून गेलेली वस्तू परत येणं हा प्रकारच नवा. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत असं एकदाच झालं होतं. माझी छत्री परत आली होती, दोन काड्या मोडून.

मी चौकशी अधिकारी होतो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. एकशे बारा चौकश्या केल्या आणि एकीतही कुणी दोषी सापडलं नाही. लोक याला माझा चांगुलपणा म्हणायचे. बायको भित्रेपणा म्हणते, आणि ती मला जवळून ओळखते. थोडक्यात, ज्यांना काही सापडायला नको असतं ते मला बोलावतात. मंगळवारी दुपारी धान्य कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावलं.

हे कार्यालय म्हातारी माणसं, विधवा आणि ज्यांचं कुणी नाही अशांना फुकट धान्य देतं. तीन महिन्यांपूर्वी वरून नवं धोरण आलं. आता माणसाने तोंड दाखवून भागणार नाही, यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला तर धान्य, लाल लागला तर घरी. हे यंत्र देशभर बसवायचं घाटत होतं आणि त्याआधीची परीक्षा याच कार्यालयात चालू होती. यंत्र ज्याला नाकारेल त्याचा कार्ड क्रमांक एका वहीत लिहायचा, शेजारी शाईचा अंगठा घ्यायचा आणि त्याला हाताने धान्य द्यायचं, असा नियम होता. त्या वहीला सगळे नकारवही म्हणत.

परिपत्रकाच्या शेवटी दीड ओळ होती. तीन महिन्यांत ज्याच्या नावाने हिरवा दिवा लागला नाही आणि ज्याची नोंद वहीतही नाही, तो माणूस अस्तित्वात नाही असं समजून त्याचं नाव कायमचं कापावं.

बुधवारी सकाळी अकरा वाजता समिती येणार होती. वही बघून यंत्राचा निर्णय करणार होती.

"वही हरवली, वही सापडली. विषय संपला," साहेब म्हणाले. त्यांचे दोन्ही हात टेबलाखाली होते. "पण आमच्या नोंदणीबाईंनी अर्ज दिला की ही वही त्यांची नाही. मामांनी, म्हणजे आमच्या शिपायाने, त्यावर आवक क्रमांक टाकून ठेवला. आता क्रमांक पडला म्हणजे चौकशी आली. समितीपुढे तुमचा अहवाल लागेल. टाइप करून ठेवलाय, फक्त सही करा."

मी अहवाल वाचला. नोंदणीबाईंनी खोट्या नोंदी सांगून सरकारची बदनामी केली, वही हरवल्याचा बनाव केला, सबब त्यांना पोलिसांच्या ताब्यात द्यावं. खाली माझं नाव होतं, न चुकता लिहिलेलं.

"साडेअकराला पोलीस येतील," साहेब हसून म्हणाले. "तुम्ही आमचे जुने, विश्वासाचे. आणि तुमचं निवृत्तीवेतनही आता आमच्याच यंत्रावरून सुरू होणार आहे पुढच्या महिन्यापासून. तेव्हा आपण एका घरातलेच."

सही करायच्या आधी एकदा वही बघतो, असं मी म्हणालो.

२

नोंदणीबाई पंचेचाळिशीच्या. समोर वही ठेवून बसल्या होत्या, पण तिला हात लावत नव्हत्या. घरात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

"काका, माझ्या वहीत तीनशे अकरा नोंदी होत्या. हिच्यात तेवीस आहेत."

"अक्षर?"

"आकडे आणि माझी बारकी सही. चार दिवस सराव केला तर कुणालाही येईल. वह्याही कोऱ्या डझनभर आल्या होत्या छापखान्यातून, सगळ्या एकसारख्या."

"कपाटाची किल्ली?"

"एक माझ्याकडे. दुसरी साहेबांच्या खणात. शनिवारी इंजिनियरने ती मागून घेतली होती, यंत्राची जादा काच काढायला. सोमवारी मी कपाट उघडलं तर वही नाही. मी आरडाओरडा केला. आज सकाळी उघडलं तर ही."

"घरी कोण असतं तुमच्या?"

"आई." त्या थांबल्या. "मला आत टाकलं तर तिला कोण बघणार, हे मी विचारणार नाहीये. तुम्ही एवढंच सांगा, उरलेल्या दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसांचं काय? उद्यापासून ती नाहीतच असं ठरेल. काका, नसलेल्या माणसाला तक्रारही करता येत नाही हो."

मी वही उघडली. तेवीस ओळी, तेवीस अंगठे. फार सुबक काम होतं. रेषान् रेष उठलेली. काही अंगठे मात्र नाजूक होते. चौथ्या ओळीतला तर इतका बारीक होता की मला वाटलं, धान्याला लहान मूल येऊन गेलं की काय.

"हे सगळे अंगठेच आहेत का?" मी विचारलं.

बाई काही बोलायच्या आत दार करकरलं. दारात यंत्राच्या कंपनीचा इंजिनियर उभा होता.

"मला तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "इथे नको."

३

आम्ही यंत्राच्या खोलीत गेलो. खिडकीएवढी जागा, टेबलावर पाटीएवढं यंत्र. इंजिनियर तिशीतला. बोलताना सारखा रुमालाने काच पुसत होता.

"सगळे मलाच चोर समजणार," तो म्हणाला. "समजायलाच हवं. मीही समजलो असतो."

"का बरं?"

"आमची कंपनी पूर्वी बसची तिकिटं काढायची यंत्रं बनवायची. एका सकाळी मंत्र्यांनी जाहीर केलं, तिकीट फोनवर. संध्याकाळपर्यंत आमच्या गोदामात बारा हजार यंत्रांचं भंगार झालं. निम्मी माणसं घरी गेली. मग दुसरे मंत्री आले, त्यांनी अंगठा काढला. आम्ही जिवंत झालो. उद्या समिती नाही म्हणाली तर उरलेली दोनशे माणसंही घरी. त्यात माझा थोरला भाऊ आहे आणि मेव्हणाही."

"म्हणजे वही गेल्याने तुमचं भलंच झालं."

"माझं नाही. यंत्राचं." त्याने काच पुन्हा पुसली. "लाल दिवा का लागतो ते मला माहीत आहे. काच सुधारायला सहा महिने द्या, असं मी दोनदा लिहून दिलं. उत्तर आलं, घोषणेची तारीख ठरली आहे, काचेची नंतर बघू. आणखी एक खोट आहे. सांगू?"

"नका सांगू," मी घाईने म्हणालो. मला जेवढं कमी कळेल तेवढं बरं, हे माझं चौतीस वर्षांचं धोरण.

पण तो सांगून मोकळा झाला. "जिवंत बोट आणि कागदावरचा ठसा यांतला फरक याला कळत नाही. शाईचा ठसा काचेवर उलटा धरला तरी हे ओळखतं आणि नाव दाखवतं. बाहेर बोलू नका, माझी नोकरी जाईल."

खोलीबाहेर पावलं वाजली आणि थांबली. बराच वेळ पावलं पुढेही गेली नाहीत आणि मागेही आली नाहीत.

मी धीर करून दार उघडलं. मामा उभे होते, हातात चहाचे दोन पेले घेऊन.

"दार कुठल्या हाताने वाजवू, ते ठरत नव्हतं," ते म्हणाले.

४

मामांचं वय साठीला टेकलेलं आणि तक्रारींची यादी त्याहून मोठी. इमारत सकाळी तेच उघडत आणि संध्याकाळी तेच लावत. मी त्यांना विचारलं, शनिवार-रविवारी कोण आलं होतं?

"शनिवारी इंजिनियर, काच न्यायला. आला, गेला. रविवारी साहेब. दिवसभर दार लावून बसले. म्हणाले, समितीची तयारी."

"रोज एवढं काम करतात?"

"साहेब? अहो, पेनाचं टोपणसुद्धा मी काढून देतो." मामांनी आवाज खाली आणला. "आणि माझं दुखणं ऐका. साहेबांच्या मोरीतला साबण. एक वडी मला महिनाभर पुरवायची असते, वरून तसा हुकूमच आहे. सोमवारी बघतो तर अख्खी वडी संपलेली! टॉवेल तर विचारूच नका. तो हिशेब आता माझ्या माथी. तुम्ही चौकशीला आलाच आहात तर साबणाचीही करा."

मी साबणाची चौकशी करीन असं म्हणालो. मोठ्या चौकशीतून निसटायचं तर लहान चौकशी जवळ असलेली बरी.

"यंत्र आलं तेव्हा तुमचीही बोटं घेतली का?"

"सगळ्यांची. हजेरीलाच ते. पण पहिला मान साहेबांचा. उद्घाटनाला फोटोवाला आला होता. त्याला फोटो मनासारखा मिळेना, म्हणून साहेबांनी एकेक करून दहाही बोटं दिली. तो फोटो लावलाय बघा दर्शनी भिंतीवर."

मी फोटो बघून घरी निघालो. फाटकाबाहेर एक पांढरी गाडी उभी होती. मी चालू लागलो तशी तीही हळूहळू चालू लागली. मी पानपट्टीच्या टपरीपाशी थांबलो, तीही थांबली. मी पान खात नाही. त्या दिवशी दोन खाल्ली.

घराच्या दारापर्यंत ती गाडी आली. काच खाली झाली. आतला माणूस ओळखीचं हसला.

"सही लवकर करून टाका, काका. उगाच प्रकृतीवर ताण नको."

५

"करा सही," बायको म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं होतं.

मला आश्चर्य वाटलं. "करू?"

"करा की. एकशे बारा वेळा केलीत, एकशे तेराव्यांदा हात थोडाच झडणार आहे? फक्त ती बाई आत गेली की तिच्या आईला इथे घेऊन या. मी बघेन तिला. तेवढं तरी आपल्याकडून."

"तू मला टोचून बोलतेयस."

"छे! मलाही भीती वाटतेय हो. ती गाडी अजून खाली उभी आहे. पण आपल्या दोघांची भीती आपल्यापुरती आहे. त्या बाईच्या भीतीवर तीनशे माणसं बसलीयेत."

या घरात मी वादात कधीच जिंकलेलो नाही. झोपही आली नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला मी कार्यालयाच्या फाटकाशी पोचलो. पायरीवर एक आजी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मागच्या चुनाभट्टीच्या वस्तीतली.

"भाऊ, वही सापडली का?" तिने विचारलं. "सोमवारपासून रिकामी पाठवतात. म्हणे वही नाही तर दाणा नाही. आता वही आली तर म्हणतात तुझं नाव नाही."

"तुमचा अंगठा यंत्राला का चालत नाही, आजी?"

"आमच्या वस्तीत कुणाचाच चालत नाही. हे बघ."

तिने माझा हात धरला. मी दचकलो. तिचा अंगठा चिनी मातीच्या कपासारखा गुळगुळीत होता. रेषेचा मागमूस नाही.

"तीस वर्षं चुना चाळला. चुना सगळं खातो. एकदा हात बघणारा आला होता, माझा हात पाहिला आणि घाबरून पैसे परत देऊन गेला." ती खुदकन हसली. "म्हणाला, आजी, तुम्हाला भविष्यच नाही."

मी हसलो नाही. माझ्या डोळ्यांसमोर त्या वहीतले तेवीस अंगठे उभे राहिले, रेषान् रेष उठलेले. आता मला कळलं होतं आणि कळलेलं परत न कळलेलं करता येत नाही.

"आजी," मी म्हणालो, "वस्तीतल्या सगळ्यांना अकरापर्यंत इथे आणता येईल?"

तिचं हसू मावळलं. "येणार नाहीत. वस्तीत कालच सांगून गेलेत, लाल दिवा लागेल त्याला पोलीस धरणार म्हणून. सगळी दारं लावून बसलीयेत."

"सांगून कोण गेलं?"

"पांढरी गाडी होती," आजी म्हणाली.

६

सव्वादहाला मी साहेबांच्या खोलीत गेलो. बाई, इंजिनियर आणि मामा यांनाही बोलावलं. माझा आवाज इतका कापत होता की मामांनी आधी पाणी दिलं.

"सही?" साहेबांनी विचारलं.

"करतो. आधी एक शंका. या वहीतले अंगठे यंत्राने नाकारलेले. मग ते इतके स्वच्छ कसे? ज्याला यंत्र नाकारतं त्याच्या अंगठ्यावर रेषाच नसतात. शाई लावली तर नुसता काळा डाग उठतो. म्हणजे हे अंगठे यंत्राने कधी नाकारलेलेच नाहीत."

बाईंनी एकदम वही ओढून घेतली. "अगंबाई! माझ्या वहीत सगळे डागच होते! तेवीसच आहेत, एवढ्यावरच मी अडकले. अंगठ्यांकडे नीट बघितलंच नाही."

"ही चूक कोण करील?" मी म्हणालो. "बाई नाही करणार, तीन महिने त्यांनी ते गुळगुळीत अंगठे स्वतः धरलेत. इंजिनियर नाही, लाल दिवा का लागतो हे त्यांना सगळ्यांत आधी कळलं. मामा रांग लावतात, म्हाताऱ्यांना हात धरून पायरी चढवतात. ही चूक फक्त तो करील, जो धान्याच्या खिडकीपाशी एकदाही बसला नाही. ज्याला वाटतं, सगळ्यांचे अंगठे आपल्यासारखेच असतात."

साहेबांचे हात अजून टेबलाखालीच होते.

"त्याला तेवीस अंगठे हवे होते. दुसऱ्या कुणाचे घ्यावे तर साक्षीदार तयार होतो. म्हणून त्याने स्वतःचीच बोटं वापरली, दहाही, फिरवून फिरवून. चौथ्या ओळीत तर करंगळी आहे. आणि मग शाई धुवायला..."

"माझा साबण!" मामा ओरडले.

"काका, तुम्ही आजारी आहात," साहेब मऊ आवाजात म्हणाले. "हा सगळा तर्क. पुरावा काय?"

मी इंजिनियरकडे बघितलं. त्याला कळलं. तो जागचा हलेना. यंत्राची ती खोट चारचौघांत दाखवायची म्हणजे कंपनीच्या मानेवर स्वतःच सुरी ठेवायची.

"यंत्र बंद पडलंय म्हणून सांगा," साहेब त्याला म्हणाले. "दोनशे माणसांचा विचार करा."

"रोज करतो," इंजिनियर म्हणाला. त्याने वही उचलली. आम्ही सगळे त्या खिडकीएवढ्या खोलीत दाटीने उभे राहिलो. त्याने चौथी ओळ काचेवर उलटी धरली.

यंत्राने क्षणभर विचार केला. मग हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर नाव उमटलं. कार्यालय प्रमुख, डावी करंगळी.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक काम स्वतःच्या हाताने केलं होतं, आणि तेच अंगाशी आलं.

पण ते घाबरले नाहीत. घाबरलो आम्ही, कारण ते हसले.

"बरं. मी केलं. वरून निरोप होता, आकडा पंचवीसच्या आत हवा. खरी वही मी रविवारीच जाळली, हिची शाई वाळायला सोमवार गेला. मला काढतील, बाई सुटतील. पण ते दोनशे अठ्ठ्याऐंशी? त्यांची यादी आता कुठेच नाही. नियमाप्रमाणे ते नाहीत. आता समितीला काय दाखवणार, राख?"

बाहेर समितीच्या गाडीचं दार वाजलं.

७

अंगणात समितीच्या अध्यक्षीणबाई उभ्या होत्या. हातात काठी, नाकावर जाड चष्मा. मी जे घडलं ते सांगितलं, मधूनमधून जीभ अडखळत. साहेबांनी मानेनेच दुजोरा दिला. आता त्यांना लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"गुन्हा कळला," त्या म्हणाल्या. "पण मला नोंदी लागतात. नसलेल्या वहीवर मी निर्णय कसा देऊ? मुदत आज संपते."

"ती माणसं दाखवली तर?" बाईंनी विचारलं.

"दाखवा."

इंजिनियरने यंत्र उचलून अंगणात आणून मांडलं. आम्ही सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. रस्ता मोकळा होता. अकरा वाजून वीस मिनिटं झाली. वस्तीच्या बाजूने एक कुत्रंसुद्धा येईना. साडेअकराला पोलीस मात्र वेळेवर आले. नेमकं कुणाला न्यायचं ते त्यांना कळेना, म्हणून झाडाखाली उभे राहिले. मला वाटलं, झालं. पोलीस बघून आता कोण येतंय?

तेवढ्यात काठीचा आवाज आला. आजी होती. एकटीच. पोलिसांना वळसा न घालता ती त्यांच्या मधून चालत आली आणि तिने अंगठा काचेवर ठेवला. इंजिनियरने बटण दाबलं.

लाल दिवा.

"बघा," आजी अध्यक्षीणबाईंना म्हणाली, "हा म्हणतो मी नाही. मग एवढं ऊन तुडवत आलं ते कोण, माझं भूत? आणि भूत आहे तर घाबरा की जरा!"

अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी तो अंगठा स्वतःच्या हातात धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "कोरी वही आणा. एक नंबर, लिहा."

आजी फाटकापाशी गेली आणि पदर हलवून ओरडली, "या गं बायांनो! धरलं नाही मला!"

आधी भिंतीच्या आडून दोन डोकी दिसली, मग सहा. घाबरत, एकमेकांना पुढे ढकलत ती माणसं आली. कुणी काचेवर अंगठा ठेवण्याआधी तो कपड्याला दहादा पुसे, जणू दोष मळाचा होता. लाल दिवा लागला की दचकून पोलिसांकडे बघे. बाई नुसतं म्हणत, "मावशी, पुढे सरका. आजोबा, सावकाश." इंजिनियर दर लाल दिव्याला स्वतः मोठ्याने "नकार" म्हणत होता. दुपारी त्याचा आवाज बसला, तरी तो म्हणत राहिला. मध्येच अध्यक्षीणबाई त्याला म्हणाल्या, यंत्रांची मागणी तूर्त थांबवतोय, काच सुधारून या. त्याने मान हलवली आणि भावाला फोन करायला बाजूला गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. पुन्हा बटणापाशी बसला.

संध्याकाळी दिवे लागले तेव्हा रांग संपली होती. साहेबांना नेलं होतं. पांढरी गाडी फाटकासमोरून एकदा सावकाश गेली.

अध्यक्षीणबाईंनी वही मागितली. बाईंनी दिली नाही.

"तीनशे सहा झालेत," त्या म्हणाल्या. "तीनशे अकरा होते."

"पाचच कमी आहेत ना," अध्यक्षीणबाई दमून म्हणाल्या. "मुदत मध्यरात्रीपर्यंत धरते. पण आले नाहीत ते आले नाहीत."

"भिऊन आले नसतील. नाहीतर चालता येत नसेल." बाईंनी पुढच्या पाच ओळींना क्रमांक टाकले आणि ओळी कोऱ्या ठेवल्या. मग शाईचा डबा पदरात बांधला, वही छातीशी धरली आणि पायरी उतरल्या.

वस्तीची वाट अंधारी होती आणि पांढरी गाडी त्याच बाजूला गेली होती. घरी बायको वाट बघत होती. मी निवृत्त आहे, भित्रा आहे आणि मला या वयात कमी दिसतं, ही तिन्ही कारणं मी मनातल्या मनात नीट मांडली.

"बाई," मी म्हणालो, "डबा माझ्याकडे द्या. सांडेल."